जुन्या बाईकचा न्यूट्रल स्विच बदलायचाय? पाना उचलायच्या आधी हे वाचा

न्यूट्रलचा हिरवा दिवा लागत नाही, किंवा गाडी गिअरमध्ये असतानाही लागलेलाच राहतो, म्हणून माणूस दुकानात जातो, नवीन स्विच आणतो, लावतो आणि दिवा जसा होता तसाच. मग "पार्ट डुप्लिकेट दिला" म्हणून दुकानदाराशी भांडण. खरं तर निम्म्या वेळा स्विच गेलेलाच नसतो, आणि उरलेल्या वेळा बसवताना आतली बारीक पिन पडलेली असते किंवा वॉशर डबल लागलेला असतो. काम अवघड नाहीये, एका सकाळीत होतं, फक्त ते ज्या क्रमाने करायचं तो क्रम लोक उलटा करतात. त्यामुळे खाली खोलण्याबद्दल कमी आणि खोलायच्या आधीबद्दल जास्त लिहिलंय.

हे सगळं कार्बोरेटरवाल्या जुन्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे जुन्या स्प्लेंडर, पल्सर, आरएक्स १०० अशा. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये हाच सिग्नल ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला) जातो, तिथे खाली दिलेली वायर टेकवायची टेस्ट करू नका. आणि जुनी कास्ट आयर्न बुलेट असेल, जिला गिअरबॉक्स वेगळा आणि टाचेने दाबायचा न्यूट्रल फाइंडर आहे, तर हा लेख तुमच्यासाठी नाहीच.

आधी एवढं डोक्यात ठेवा

न्यूट्रलच्या बल्बला चावी ऑन केली की प्लस करंट कायम मिळतो. स्विच फक्त दुसऱ्या बाजूने आर्थिंग देतो, म्हणजे गाडी न्यूट्रलला आली की वायर इंजिनच्या बॉडीला जोडली जाते आणि दिवा पेटतो. गिअर टाकला की आर्थिंग तुटतं, दिवा विझतो. बस, एवढंच. स्विचला "करंट येतो का" बघत बसणारे इथेच फसतात. स्विच करंट देत नाही, तो आर्थिंग देतो, आणि पुढच्या सगळ्या टेस्ट यावरच आहेत.

१. खरंच स्विच गेलाय का, ते आधी ठरवा

या पायरीला अर्धा तास गेला तरी चालेल.

सगळ्यात आधी बल्ब. स्पीडोमीटरच्या खालून रबरी होल्डर ओढला की बल्ब बाहेर येतो. तार तुटलीय का बघा, काच काळी पडलीय का बघा, होल्डरमध्ये हिरवट गंज चढलाय का बघा. मुंबईत वरळी, दादर, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या भागात उघड्यावर लागणाऱ्या गाड्यांना हा गंज हमखास असतो. बल्ब गाडीच्या व्होल्टेजचाच हवा, काही फार जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या आहेत, त्यात १२ चा बल्ब टाकला तर दिवा मिणमिणतो आणि दोष स्विचला. कोणी आधी एलईडी बसवला असेल तर तो उलटा बसल्यावर पेटतच नाही, होल्डरमध्ये फिरवून लावून बघा. एलईडीची आणखी एक भानगड, स्विचवर ओला चिखल असेल तर त्यातून झिरपणाऱ्या थोड्याशा करंटवरही तो गिअरमध्ये मंद पेटत राहतो. अशा वेळी साधा बल्ब लावून परत बघा, बऱ्याचदा "बिघाड" तिथेच संपतो.

बल्ब ठीक असेल तर आता स्विचची वायर शोधा. बहुतेक गाड्यांत स्विच इंजिनच्या डाव्या अंगाला, पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन ओढणाऱ्या दात्यांच्या चाकाच्या) कव्हरमागे असतो, आणि त्याची वायर वर येऊन साइड कव्हरखाली किंवा टाकीखाली कपलरला (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाला) मिळते. होंडाच्या वायरिंगमध्ये ही वायर फिकट हिरवी आणि तिच्यावर लाल पट्टी अशी असते, यामाहामध्ये आकाशी. पण वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत मधल्या कुठल्या तरी मिस्त्रीने जी हाताला लागली ती वायर जोडलेली असू शकते, म्हणून रंगावर डोळे मिटून विश्वास नको, वायर हाताने मागोवा घेत स्विचपर्यंत बघा.

टेस्ट अशी. चावी ऑन, कपलर सोडा, मीटरकडून येणारी वायर इंजिनच्या एखाद्या उघड्या बोल्टला टेकवा.

दिवा पेटला तर बल्ब, फ्यूज, वायरिंग सगळं ठीक, दोष स्विचकडे. नाही पेटला तर स्विचला हात लावू नका, दोष वर आहे: बल्ब, होल्डर, फ्यूज किंवा मध्ये तुटलेली वायर. फ्यूज गेला असेल तर सहसा हॉर्न, इंडिकेटर यांपैकीही काहीतरी बंद असतं, त्यावरून लगेच कळतं.

सावधान: टेकवताना वायर तीच आहे याची खात्री हवी. दिव्याची वायर बॉडीला लागली तर काही बिघडत नाही कारण मध्ये बल्ब आहे, पण चुकून बॅटरीची थेट प्लस लागली तर ठिणगी उडून फ्यूज जाणार.

आता मल्टिमीटर. ओहमच्या सगळ्यात खालच्या रेंजवर लावा, एक टोक स्विचकडून येणाऱ्या वायरला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. रंग दिलेल्या केसिंगवर (इंजिनच्या बाहेरच्या कवचावर) टेकवून काही कळणार नाही, बोल्टचं डोकं घ्या, थोडं घासून घ्या. न्यूट्रलमध्ये जवळजवळ शून्य दाखवलं पाहिजे, गिअरमध्ये सर्किट तुटलेलं. इथे एक गंमत नेहमी होते. ते जे स्वस्तातले पिवळे मीटर असतात ते सर्किट तुटलेलं असलं की स्क्रीनच्या डावीकडे नुसता "१" दाखवतात, आणि माणूस समजतो एक ओहम आला, म्हणजे स्विच मस्त. तो एक ओहम नाहीये भाऊ, तो "काहीच जोडलेलं नाही" आहे. दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून आधी शून्याच्या आसपास काय येतं ते बघून ठेवा, मग गोंधळ होत नाही.

दिवा कायम पेटलेला असेल तर उलटं करा. गाडी गिअरमध्ये, चावी ऑन, कपलर सोडा. दिवा विझला तर स्विच आतून शॉर्ट आहे किंवा पिन अडकलीय. पेटलेलाच राहिला तर वायर कुठेतरी घासून फ्रेमला लागलीय, टाकीखाली आणि हँडलच्या मुळाशी बघा, हँडल वळवून वळवून तिथलं इन्सुलेशन सोललं जातं.

सेल्फवाल्या गाडीत क्लच दाबला की न्यूट्रलचा दिवा लागतो, अशी तक्रार असेल तर तो स्विच नाही. क्लच स्विच आणि न्यूट्रल स्विच यांच्यामध्ये एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा पार्ट) असतो, तो शॉर्ट झालाय. त्याच्या उलट, दिवा न्यूट्रलमध्ये बरोबर लागतो पण क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, तरी संशय आधी डायोडवरच घ्या.

शेवटची शक्यता, स्विचच्या खालून ऑइल गळतंय पण दिवा व्यवस्थित चालतोय. मग बहुतेक नुसती ओ-रिंग (सीलचं गोल रबर) किंवा वॉशर पुरतो, पूर्ण स्विच घ्यायची गरज नाही. पण स्विचच्या टर्मिनलमधूनच, म्हणजे प्लास्टिक आणि धातूच्या सांध्यातून ऑइल पाझरत असेल तर मात्र स्विचच बदला, त्यावर एम-सील थापून काही होत नाही, गरम झालं की सुटतंच.

आणि हो, हे सगळं होईपर्यंत दिव्यावर भरवसा ठेवून सिग्नलला क्लच सोडू नका. कायम पेटणारा दिवा हा न पेटणाऱ्या दिव्यापेक्षा धोकादायक, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि समोर झेब्रा क्रॉसिंगवर माणसं.

२. स्विच कुठल्या जातीचा, आणि खरेदी

ढोबळमानाने दोन जाती.

पहिली आट्यांची. मोठ्या बोल्टसारखा स्विच केसिंगमध्ये फिरवून बसतो, खाली वॉशर, टोकाला दाबला जाणारा बॉल किंवा पिन. आतला गिअर ड्रम (गिअर बदलताना फिरणारा दंडगोल) न्यूट्रलला आला की टोक दाबलं जातं. यातल्या पुष्कळ स्विचांची बॉडीच आर्थिंग घेते, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुसरी प्लेटची. गोल किंवा बदामी आकाराची प्लास्टिक प्लेट, दोन स्क्रू, मागे ओ-रिंग. याच्यात स्विचमध्ये नुसते धातूचे ठिपके असतात आणि त्यांना टेकणारी पिन आणि तिची स्प्रिंग ही गिअर ड्रमच्या टोकाला असते, किंवा पिनऐवजी छोटा रोटर असतो. ज्या गाड्यांच्या मीटरवर प्रत्येक गिअरचा वेगळा दिवा आहे त्यांच्या प्लेटवर तेवढे ठिपके आणि तेवढ्या वायरी, टेस्ट मात्र प्रत्येकीची हीच.

जमलं तर आधी स्विच उघडून बघायचा, मग खरेदी. तसं जमत नसेल तर गाडीचं मॉडेल आणि सालाबरोबर इंजिन नंबरही घेऊन जा, कारण एकाच नावाच्या गाडीला मधल्या वर्षांत स्विच बदललेला असतो आणि दोन्ही दिसायला सारखेच. मुंबईत ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळून जातो. बंद झालेल्या मॉडेलचा नाही मिळाला तर कुर्ल्याला जुन्या पार्टवाल्यांकडे, पण तिथून घेतलेला स्विच काउंटरवरच मल्टिमीटर लावून तपासायचा. "काका, एक मिनिट मीटर लावून बघतो" म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही, आणि जो नाही म्हणतो त्याच्याकडून घेऊच नका. मीटर नसेल तर लॅमिंग्टन रोडवरून साधा घ्या, या कामाला महागडा लागत नाही.

काउंटरवर काय तपासायचं? आट्यांचा असेल तर टर्मिनल आणि बॉडी यांच्यात मीटर लावून टोक बोटाने दाबा आणि सोडा, दोन्ही स्थितींत रीडिंग वेगळं यायला हवं, आणि बॉल अडखळता कामा नये. प्लेटचा असेल तर प्रत्येक वायर आणि तिचा ठिपका जोडलेला, आणि दोन ठिपक्यांमध्ये काही नाही. जुना स्विच सोबत नेला असेल तर दोघांना शेजारी धरून आटे आणि टोकाची लांबी मिळवा. दीड-दोन मिलीमीटरचा फरक म्हणजे दिवा एकतर कधीच लागणार नाही किंवा कायम लागणार.

ओ-रिंग किंवा वॉशर नवीनच. स्विचबरोबर आली नसेल तर जुनी घेऊन नागदेवी स्ट्रीटला जा, तिथे मापात मिळते, फक्त ऑइलला टिकणारी मागा. साध्या रबराची ओ-रिंग गरम ऑइलमध्ये फुगते.

३. तयारी

इंजिन पूर्ण थंड हवं. ऑफिसवरून येऊन लगेच बसू नका, सायलेन्सर हाताला लागतो आणि गरम ऑइल पातळ होऊन भसकन येतं.

जागा म्हणजे सोसायटीचं पार्किंग असेल तर खाली जाड पुठ्ठा आणि त्यावर जुना ट्रे. पेव्हर ब्लॉकवर ऑइलचा डाग पडला की सेक्रेटरी महिनाभर तोंड दाखवू देत नाहीत. पावसाळ्यात उघड्यावर हे काम करूच नका, केसिंगच्या उघड्या भोकात पाणी गेलं तर पुढे ऑइल बदलावंच लागेल.

हत्यारं: ८, १० आणि १२ चा टी-पाना किंवा रिंग पाना, चांगला फुली स्क्रू ड्रायव्हर, हॅमरने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, नोज प्लायर, वायर ब्रश, जुना टूथब्रश, डिझेल किंवा रॉकेल, थोडं ग्रीस, सुती फडकी, खडू किंवा पांढरा मार्कर. स्क्रू ड्रायव्हरमध्ये कंजूसपणा नको. जपानी बनावटीच्या इंजिनांचे फुली स्क्रू साध्या टोकाला नीट धरत नाहीत, एकदा डोकं गोल झालं की दहा मिनिटांचं काम दुपारवर जातं.

आता स्टँड. गाडी साइड स्टँडवर ठेवून हे काम करायचं नाही. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, स्विच डावीकडे, ऑइलही डावीकडे, मग भोक उघडलं की धार. मेन स्टँडवर घ्या आणि स्टँडच्या डाव्या पायाखाली एक फळी सरकवा, गाडी किंचित उजवीकडे कलली की ऑइल भोकापासून दूर जातं. दुसरा माणूस धरायला हवा, एकट्याने करू नका. पेट्रोलचा नळ बंद, आणि पाण्याची बॅटरी असेल तर जास्त कलवू नका, ॲसिड बाहेर येतं. तरीही ट्रे खाली ठेवाच, कारण काही इंजिनांत स्विच इतका खाली असतो की थोडं ऑइल येतंच. ऑइल बदलायची वेळ जवळ आली असेल तर सरळ आधी ऑइल काढा आणि दोन्ही कामं एकत्र करा. टू-स्ट्रोक गाडीत गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं हे विसरू नका, पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टूटी (2T) ऑइलशी त्याचा काही संबंध नाही.

तपासा: गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना? मागचं चाक हाताने मोकळं फिरतंय ना? पुढचं सगळं न्यूट्रलमध्येच करायचंय.

४. खोलणं

बॅटरीची मायनस वायर आधी काढा. मग गिअर लिव्हर. लिव्हर दात्यांच्या शाफ्टवर बसतो, काढायच्या आधी लिव्हरच्या फटीसमोर शाफ्टवर मार्करने रेघ मारा. नाहीतर नंतर एक दाता वर-खाली बसतो आणि मग पायाला गिअर पडत नाही. लिव्हरचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढा, तो शाफ्टच्या खाचेतून गेलेला असतो. तसाच ओढत बसलात तर शाफ्टचं सील खराब.

मग स्प्रॉकेटचं कव्हर. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्याच जागी टोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी घातला तर केसिंग फुटू शकतं, ॲल्युमिनियम आहे ते. कव्हर ओढताना क्लचची केबल किंवा पुश रॉड त्याच कव्हरमध्ये असेल तर हळू.

कव्हर काढल्यावर दिसेल तो काळा लगदा. चेनचं ग्रीस, वाळू, मिलन सबवेचा चिखल, सगळं एकत्र होऊन वडीसारखं घट्ट बसलेलं. बऱ्याच जणांना स्विच दिसतच नाही या खाली. आता इथे थांबा, स्विचला पाना लावू नका. आधी हे सगळं खरवडून, डिझेल आणि ब्रशने धुऊन, फडक्याने कोरडं करा, विशेषतः स्विचच्या कडेची खाच. कारण स्विच निघाला की ते भोक थेट गिअरबॉक्समध्ये उघडतं आणि कडेची वाळू आत गेली तर ती ऑइलबरोबर फिरत राहते. साफसफाईला वीस मिनिटं द्या. पेट्रोलने धुवायचा मोह होतो, पार्किंगमध्ये शेजारी कोण बिडी ओढत उभा असेल सांगता येत नाही, डिझेलच बरं.

सावधान: कव्हर उघडं असताना इंजिन चालू करून, गिअर टाकून चेन फिरवत साफ करायची नाही. फडकं चेनमध्ये ओढलं जातं, फडक्यामागे बोटं. चाक फिरवायचं ते हातानेच, आणि बोटं स्प्रॉकेटपासून लांब.

काही गाड्यांत स्विच स्प्रॉकेटच्या मागे लपलेला असतो, मग स्प्रॉकेट काढावं लागतं. तिथे क्रम महत्त्वाचा: चेन लावलेली असतानाच, दुसऱ्या माणसाला मागचा ब्रेक दाबायला सांगून स्प्रॉकेटचे बोल्ट किंवा नट आधी सैल करा, चेन ढिली करायचं काम त्यानंतर. उलट केलंत की स्प्रॉकेट नुसतं फिरत राहतं आणि लोक मग त्यात स्क्रू ड्रायव्हर अडकवून दाते तोडतात.

५. जुना स्विच काढणं

वायर नक्की कुठून कुठे जाते, कुठल्या क्लिपमधून, फोटो काढून ठेवा. दोन फोटो, एक जवळून, एक लांबून.

आट्यांचा स्विच असेल तर वायर टर्मिनलवरून सोडा, रिंग पाना पूर्ण बसवून एका दमात सैल करा. वॉशर निघाला का ते बघा, पुष्कळदा तो केसिंगलाच चिकटून राहतो, काळा पडलेला असतो, दिसत नाही. तो तसाच राहिला आणि वर नवीन वॉशर आला की झाले दोन वॉशर, स्विच बाहेर राहतो, टोक ड्रमपर्यंत पोचत नाही, आणि नवा स्विच "खराब निघतो". नखाने किंवा लाकडी काडीने कडेने फिरवून बघा, केसिंगचा चकचकीत धातू दिसायला हवा.

प्लेटचा स्विच असेल तर दोन स्क्रू. अडत असतील तर ड्रायव्हर दाबून धरून मागून हातोडीचा एक ठोका, मग फिरवा. नाही ऐकलं तर इम्पॅक्ट ड्रायव्हर. स्क्रू सुटले की प्लेट ओढून काढू नका! एका हाताची दोन बोटं खाली ओंजळीसारखी धरा आणि प्लेट सरळ, सावकाश बाहेर घ्या, कारण मागची पिन आणि स्प्रिंग दाबलेल्या असतात, त्या उडतात. पिन तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, स्प्रिंग बॉलपेनच्या स्प्रिंगहून लहान. उडाली तर ट्रेमध्ये शोधा, मग पुठ्ठ्यावर, मग चेनखाली. मॅग्नेट फिरवून स्प्रिंग सापडेल पण पिन बऱ्याचदा पितळेची असते, मॅग्नेटला येत नाही, तेव्हा डोळ्यांनीच शोधावी लागते. ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका, आणि आत केसिंगमध्ये पडली असा थोडा जरी संशय असेल तर गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलवा.

पिन हातात आली की नीट बघा. टोक एका बाजूने घासून तिरकं झालं असेल, किंवा स्प्रिंग दाबून परत वर येत नसेल, तर बिघाड स्विचमध्ये नव्हताच, तो यांच्यात होता. नवीन पिन-स्प्रिंग वेगळी मिळाली तर घ्या. भोकात ती मोकळी आत-बाहेर होते का बघा, जळकं ऑइल साचून अडकली असेल तर कोरड्या फडक्याने पुसून घ्या. पॉलिश पेपर मारायचा नाही.

तपासा: जुनी ओ-रिंग पूर्ण निघाली का? तुकडा राहत असेल तर लाकडी काडीने काढा, लोखंडी टोकाने खाचेवर ओरखडा गेला की तिथूनच गळणार.

६. नवीन बसवणं

आट्यांचा: केसिंगचे आटे पुसा, नवीन वॉशर एकच, स्विच आधी हाताने फिरवत आत न्या, पूर्ण बसेपर्यंत हातानेच जायला हवा. पहिल्या दोन आट्यांतच अडला तर तिरका लागलाय, बाहेर काढा. मग पान्याने थोडंसं, मॅन्युअलमधला टॉर्क (आवळायच्या जोराचा आकडा) असेल तर तो, नसेल तर वॉशर दाबला गेल्याचं जाणवलं की थांबा. टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही. नळाच्या कामाची सवय असते, पण इथे बॉडी आर्थिंग घेते, टेपने ते आर्थिंग कमी होतं किंवा तुटतंच. लाल-काळा गास्केट मेकरही नको, जास्तीचा आत गळून पडतो. वॉशर बरोबर असेल तर काही लावावं लागत नाही.

प्लेटचा: स्प्रिंग आधी, मग पिन, जाड बाजू कुठली होती ते काढताना बघितलंच असेल. पिनच्या बुडाला ग्रीसचा एवढासा ठिपका, म्हणजे प्लेट लावेपर्यंत ती जागेवर राहते. टोकाला ग्रीस नको. ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवा आणि खाचेत पीळ न पडता बसवा. प्लेटवर एक छोटं नाक किंवा खाच असते, ती केसिंगच्या खुणेत जाते. रोटर असेल तर त्याची सपाट बाजू ड्रमच्या सपाट बाजूला. प्लेट बोटाने दाबून धरली की ती पूर्ण टेकायला हवी, स्क्रूने ओढून टेकवायची नाही, तसं केलंत तर पिन वाकते नाहीतर प्लास्टिक चिरतं. स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे, हे लहान स्क्रू आहेत, मनगटाच्या जोरावरच आवळा.

७. वायर

जुन्या फोटोप्रमाणेच न्या. चेन, स्प्रॉकेट आणि क्लच पुश रॉड यांच्यापासून लांब, प्रत्येक क्लिपमधून. कापून जोडायची वेळ आली तर सोल्डर करून हीट श्रिंक स्लीव्ह, नुसती पिळून काळी टेप चिकटवली तर पहिल्या पावसात टेप सुटते. कपलरच्या पिना टूथब्रशने साफ करून घ्या.

८. कव्हर लावायच्या आधी तपासणी

ही पायरी गाळणाऱ्यांची संख्या सगळ्यात मोठी. सगळं बंद करतात, हात धुतात, मग चावी लावतात.

बॅटरी जोडा, स्प्रॉकेट काढलं असेल तर चेनसकट परत चढवा, गिअर लिव्हर शाफ्टवर तात्पुरता चढवा, चावी ऑन. न्यूट्रलमध्ये दिवा. दुसरा माणूस मागचं चाक हाताने फिरवत राहील आणि तुम्ही पहिला टाका, दिवा विझला पाहिजे. परत न्यूट्रल, परत दुसरा, वरपर्यंत जा आणि खाली या. चाक न फिरवता गिअर टाकत बसलात तर गिअर पडणारच नाहीत, त्यात स्विचचा दोष नाही.

दिवा पहिला आणि दुसरा यांच्यामध्ये फडफडत असेल तर पिन नीट बसलेली नाही किंवा प्लेट किंचित फिरलीय. कधीच लागत नसेल तर परत मीटर, परत पहिल्या पायरीतली वायर टेकवायची टेस्ट, अंदाजाने स्विच उघडायचा नाही. आणि टेस्ट ठीक येऊनही दिवा मंद असेल तर बॅटरीच्या मायनस वायरचा फ्रेमवरचा बोल्ट काढून खाली घासा. तिथे गंज असेल तर हॉर्नही बसका झालेला असतो आणि सेल्फही ओढत नसतो, लोकांनी ते वेगळे तीन बिघाड समजून तीन ठिकाणी पैसे घातलेले असतात.

सेल्फवाल्या गाडीत आणखी एक, मेन स्टँडवर, मागचा ब्रेक दाबून, गिअरमध्ये क्लच न दाबता सेल्फचं बटण मारा. कंपनीने इंटरलॉक दिला असेल तर इंजिन फिरता कामा नये.

९. बंद करणं

स्प्रॉकेट काढलं असेल तर लॉक प्लेट परत लावा, बोल्ट पूर्ण आवळा आणि चेनचा ताण बघा, बहुतेक कम्युटर गाड्यांना साधारण २० ते ३० मिमीचा झोल असतो, तुमच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तो पाळा. कव्हरच्या ६ मिमी बोल्टना साधारण १० न्यूटन मीटर पुरे. गिअर लिव्हर रेघेवर.

फळी काढा, गाडी सपाट जागेवर सरळ उभी करा, ऑइलची पातळी बघा. कमी असेल तर त्याच ग्रेडचं घाला, थोडं थोडं. इंजिन दहा मिनिटं चालवा आणि टॉर्च घेऊन स्विचच्या खालच्या कडेला बोट फिरवा, कोरडं हवं. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा आणि सकाळी बघा. चेनच्या ग्रीसचा एखादा ठिपका पडू शकतो, तो काळा आणि घट्ट असतो, ऑइलचा डाग मात्र पसरतो.

पसरलेला डाग दिसला तर स्क्रू अजून आवळायच्या भानगडीत पडू नका, ओ-रिंगला पीळ पडलाय किंवा जुना तुकडा आत आहे, परत उघडा. आणि सगळं कोरडं आहे, स्विच नवा आहे, पिन नवी आहे, मीटरही बरोबर दाखवतं, तरी चालवताना न्यूट्रल सापडतच नाही किंवा दिवा लागून गाडी पुढे ओढते, तर ते गिअर ड्रम, आतला गिअर सरकवणारा फोर्क किंवा क्लचचं काम आहे. क्लच प्ले (क्लच लिव्हरचा मोकळा झोल) बघून घ्या आणि गाडी मिस्त्रीकडे न्या, येताना ट्रेमधलं जळकं ऑइल बाटलीत भरून त्याच्याकडेच द्या, सोसायटीच्या गटारात ओतू नका.